आकडा आल्याशिवाय पंप नाही

सुमनताईंची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या अर्जामुळे झाली. हृदय-फुप्फुस यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या जागेसाठी त्यांनी स्वहस्ताक्षरात अर्ज केला होता. त्यातील शुद्धलेखनाच्या सात चुका मी तांबड्या शाईने दुरुस्त केल्या आणि मुलाखतीत तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचून विचारले, "सर, यंत्राबद्दल काय चुकलंय का यात?"

चुकलेले नव्हते. कोल्हापुरातील आमच्या रुग्णालयात त्या दुसऱ्याच दिवशी रुजू झाल्या. आज त्या साठ वर्षांच्या होत आहेत.

शस्त्रक्रियेसाठी मी हृदय थांबवले, की रुग्णाचे रक्त ताईंच्या यंत्रातून फिरते. ते नळ्यांत गोठू नये म्हणून आधी हेपारिन देतात आणि थोडे रक्त काढून ते किती वेळात गोठते हे तपासतात. आमच्याकडे आठ मिनिटांची मर्यादा होती. त्याहून कमी वेळ आला, तर यंत्राचा पंप सुरू करायचा नाही. परंतु औषध दिले की आकडा येतोच, या सवयीने मी तो ऐकण्यापूर्वीच "पंप" म्हणत असे. ही माझी चूक होती, आणि ती येथे नोंदवणे मी माझे कर्तव्य समजतो.

राधानगरीकडचे दूधउत्पादक तुकाराममामा यांची झडप बदलायची होती. छाती उघडलेली होती. मी "पंप" म्हणालो. यंत्र सुरू झाले नाही.

"सर, चारच मिनिटं आलीत."

आणखी औषध दिले. आकडा जेमतेम हलला. मी बाटली बदलायला लावली, तपासणीचे यंत्र बदलायला लावले. फरक पडला नाही. माझा आवाज चढला.

"शस्त्रक्रिया मी करतोय की तुम्ही?"

"तुम्हीच की, सर. पण रक्त माझ्या नळीतनं जाणार हाय. गोठलं तर मामा टेबलावरच जातील. आकडा आल्याबिगार मी पंप लावणार न्हाय. रागवायचं तर रागवा, तेवढा वेळ हाय आपल्याकडं."

भूलतज्ज्ञ मास्कआड हसले. मी हसलो नाही.

ताईंनी त्यांनाच विचारले, "मामा वॉर्डात किती दिवस हेपारिनवर होते?"

"आठ दिवस," ते कागद पाहून म्हणाले, आणि आम्हा सर्वांना उलगडा झाला. हे औषध रक्तातील एका प्रथिनाच्या मदतीनेच काम करते. आठ दिवसांत ते प्रथिनच कमी झाले असावे. मग नुसते औषध वाढवून काय होणार? रक्तपेढीतून प्लाझ्मा मागवला, कारण त्यात ते प्रथिन असते. गोठवलेल्या पिशव्या वितळेपर्यंत मी हात जोडून उभा होतो आणि मामांचे आजारी हृदय कसेबसे चालत होते. पिशव्या चढल्यावर ताईंनी पुन्हा रक्त तपासले.

"आठ मिनिटं झाली. अजून गोठलं न्हाय. आता म्हणा, सर."

मी "पंप" म्हणालो.

शस्त्रक्रिया संपताच ताई प्रथम बाहेर गेल्या. मामांच्या पत्नी सकाळपासून उपाशी बसल्या होत्या. "वैनी, त्यांचं हृदय आता आपलं आपण चाललंय. चार घास खावा," असे सांगून त्यांनी स्वतःचा डबा त्यांच्यापुढे उघडला. माझ्या ओरडण्याविषयी त्या कोणाजवळही बोलल्या नाहीत. मला मात्र त्यांनी अट घातली: "उद्यापासून मी आकडा मोठ्यानं सांगणार, तुम्ही तो परत म्हणणार, मगच पंप." ती प्रथा आमच्याकडे आजही पाळली जाते.

पुढील महिन्यात माझीही झडप बदलायची आहे. शस्त्रक्रिया माझे विद्यार्थी करतील. ते घाई करतात. घाई त्यांना मीच शिकवली. यंत्रावर ताई असाव्यात, एवढीच विनंती मी केली आहे. त्या म्हणाल्या, "निश्चिंत पडा, सर. तुमच्यासाठीबी आकडा तोच."

सुमनताईंना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. त्यांच्या पंचाहत्तरीचा गौरवलेखही मीच लिहिणार आहे.