नाथाच्या पायातला नारू

त्या दिवशी दुपारी नाथाच्या पायातला नारू तुटला. मंगळवार होता. मी त्याच्या पायाशी बसलो होतो आणि काडी माझ्या हातात होती.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. तीर्थपुरीत कोणालाही विचारा, एवढंच सांगतील. यापुढचं मी आजवर कोणाजवळ बोललो नाही — वडिलांजवळ नाही, बायकोजवळ नाही. तुमच्याजवळ का बोलतो आहे, तेही मला नीट सांगता येणार नाही. नाथाला जाऊन तीन महिने होत आले. तो असेपर्यंत हे लिहायला बसलो नाही, यावरून माझ्याबद्दल काय ते समजा.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभर त्याचा पत्ता लागत नाही. मग पुढच्या उन्हाळ्यात पायाला फोड येतो, आग होते, फोड फुटतो, आणि आतून सुतासारखं पांढरं टोक डोकावतं. ते जिवंत असतं. हातभर लांब असतं, कधी त्याहून जास्त. पाय कोमट पाण्यात ठेवायचा, टोक काडीला धरायचं आणि हळूहळू गुंडाळायचं. रोज दोन बोटं. कधी एकच. महिना लागतो.

पण त्याआधीचा उन्हाळा सांगायला हवा.

मी जालन्याचा. जुन्या जालन्यात आमच्या दोन खोल्या होत्या, वडील कापडाच्या दुकानात नोकरीला होते. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून सुट्टी लागली की वडील मला तीर्थपुरीला मामीकडे पाठवत. मामा लवकर वारले होते. घरात मामी आणि तिचा एकुलता एक नाथा, माझ्याहून वर्षानं मोठा. मामीनं मला कधी वेगळं वागवलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही दोघं एकाच ताटात जेवायचो. पण ती 'नाथा' अशी हाक मारायची तेव्हा तिचा आवाज कसा व्हायचा, आणि 'बापू' म्हणायची तेव्हा कसा — हा फरक, ज्याला आई नसते, त्याला फार लवकर ऐकू येतो.

गावाबाहेर बारव होती. तीन बाजूंनी दगडी भिंती, एका बाजूनं पायऱ्या. मेच्या दुपारी गावातली सगळी पोरं तिथं असायची. बाकीची गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारायची, पाणी उडायचं, हसणं-खिदळणं चालायचं. नाथा सूर मारायचा. वरच्या कठड्यावर उभा राहायचा, दोन्ही दंड कानांना लावायचा, आणि पाणी उडायचंच नाही. एक गोल उमटायचा फक्त. मग सगळे गप्प होऊन वाट बघायचे. तो तळाशी जाऊन मूठभर गाळ घेऊन वर यायचा आणि श्वास घ्यायच्या आधी ओरडायचा, "मास्तर, बघितलंस का रं?"

मास्तर म्हणजे मी. पुस्तक घेऊन पायरीवर बसायचो म्हणून.

मी बघितलेलं असायचं. दर वेळी. आणि दर वेळी मी म्हणायचो, "न्हाई. वाचत होतो."

मला पोहता येत नव्हतं. सतरावं लागत आलं तरी पाठीला वाळका भोपळा बांधून खालच्या पायरीशी हातपाय मारायचो. आठ वर्षांची पोरं भोपळा सोडून मोकळी झालेली. "भोपळ्या आला, जागा द्या!" असं ती ओरडायची, आणि नाथा त्यांना दटावायचा. त्यानं दटावलेलंच मला जास्त लागायचं. का? हसला असता तर निदान रागावता आलं असतं.

प्यायलाही तेच पाणी. नाथा पोहता पोहता ओंजळीनं प्यायचा. मी मात्र शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, की असलं पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्यावं, नाहीतर नारू होतो. मी धोतराच्या तुकड्यातून गाळून प्यायचो. नाथा म्हणाला, "मास्तर, पाण्यात काय खडे हायेत का? चाळून राह्यलास!" सगळे हसले. मी पुस्तकात काय लिहिलं आहे ते सांगितलं नाही. एक गोष्ट तरी अशी असावी जी माझ्याकडे आहे आणि त्याच्याकडे नाही — असं वाटलं. तेव्हा हे एवढ्या स्पष्ट शब्दांत वाटलं नसेल. पण सांगितलं नाही, हे खरं आहे. हाही गुन्हा धरायचा का? मी धरतो.

पुढच्या वर्षी मॅट्रिकची परीक्षा देऊन मी गेलो, तेव्हा नाथाच्या उजव्या घोट्यावर फोड आला होता.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. जूनच्या शेवटी औरंगाबादला पोलीस भरती होती. अंबडचे एक जमादार गावात आले असताना त्यांनी नाथाला बारवेवर पाहिलं होतं आणि मामीला सांगितलं होतं, "छाती बराबर हाय, उंची बराबर हाय. दौडमधी निघाला की पोरगं आमचं." तेव्हापासून मामीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. विहिरीवर, दळणाला, देवळात — नाथा खाकी घालणार. आणि आता हा पाय.

नारू काढायला सखाराम न्हावी आला. म्हातारा, चांगला माहितगार. त्यानं पहिलं टोक धरून दिलं आणि माझे हात बघितले. "वहिनी, ह्या पोराकडं द्या हे काम. लेखणी धरून हात हलका झालाय." मग मला म्हणाला, "वढायचं बिलकुल न्हाई. त्यो सोडंल तेवढंच घ्यायचं. अडला की हात थांबवायचा, काडी फडक्यात बांधायची, मंग उद्या. तुटला तर आत सडतो. पाय जातो, बाबा."

म्हणजे मला माहीत होतं. पोराला काय कळत होतं, असं पुढं कोणी म्हणू नये.

अकरा दिवस मी ते काम नीट केलं. खरंच नीट केलं. रोज दुपारी नाथा ओट्यावर बसायचा, पाय घमेल्यात, आणि मामी माझ्या शेजारी टेकून विचारायची, "आज किती आला रे, बापू?" ती माझ्या तोंडाकडे बघून विचारायची. मग माझ्या हातांवर तिची नजर असायची. त्या घरात इतकी वर्षं येऊन माझी कोणाला गरज पडली नव्हती. आता पडली होती. हे सुख होतं, हे नाकारत नाही. अकराव्या दिवशी सखारामनं पाहिलं आणि तो म्हणाला, "अजून आठ दिवस. भरतीच्या येळेला पळंल बघा." मामीनं तिथंच हात जोडले. आणि माझ्या मनात काय आलं? आठ दिवसांनी मी परत पायरीवर.

बारावा दिवस मंगळवार. दुपारी वडिलांचं कार्ड आलं. मी पहिल्या वर्गात पास झालो होतो. मी कार्ड घेऊन आत गेलो. मामी शिरा करत होती. क्षणभर मला वाटलं — हिला आधीच कसं कळलं? इतका मी मूर्ख.

मी कार्ड वाचून दाखवलं. मामी म्हणाली, "पास झालास? चांगलं झालं रे माझ्या राजा." आणि त्याच दमात, "जरा ते पाणी उतरव बघू चुलीवरून, नाथाच्या पायाला लई कढत नको व्हायला." शिरा नाथासाठी होता. आठ दिवसांनी पळायचं, तर अंगात ताकद हवी. मलाही वाटीत दिला. चांगला झाला होता.

नाथा मात्र खूश झाला. ओट्यावरूनच ओरडला, "अहो ऐका! आमचा मास्तर पैल्या वर्गात आला!" ते ऐकून शेजारचे दोघं-तिघं आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि नाथाजवळ बसून भरतीचं विचारू लागले. कधी जायचं, कोणत्या मोटारीनं जायचं, किती पळवतात. मी खाली त्याच्या पायाशी बसलो होतो. सगळे माझ्या डोक्यावरून बोलत होते.

एवढंच घडलं होतं. तुम्ही म्हणाल, आणखी काहीतरी असेल. नव्हतं.

लोक उठून गेले. मामी आत गेली. मी काडी फिरवली. अर्धा वेढा आला. मग अडला — तो ताण बोटांना कळतो, पतंगाचा मांजा झाडात अडकल्यावर कळतो तसा. अकरा दिवस त्या क्षणाला मी हात थांबवला होता.

त्या दिवशी मी काडी आणखी फिरवली.

हात घसरला असं नाही. मी बोटांकडे बघत होतो आणि ती फिरत होती. मनात एकच होतं — ह्याला यंदा पळता येऊ नये. फक्त यंदा... थांबा. 'फक्त यंदा' हे मी नंतर जोडलं. तेव्हा तेवढंही नव्हतं.

आवाज होत नाही. काडीवरचा ताण एकदम सुटतो आणि जखमेतून दुधासारखा एक थेंब येतो.

"तुटला," मी म्हणालो.

हा शब्द किती सोयीचा आहे पाहा. पान गळतं, घागर फुटते, नारू तुटतो — कोणी काही केलेलं नसतं. 'तोडला' म्हटलं की लगेच 'कोणी' असा प्रश्न येतो. आज मी अंबडच्या शाळेत मुलांना अकर्मक आणि सकर्मक क्रियापदं शिकवतो. फळ्यावर जोड्या लिहून देतो. ही जोडी मी कधी लिहिली नाही.

मामी धावत आली. सखारामला बोलावणं गेलं. त्यानं काडी पाहिली, तुटलेलं टोक पाहिलं आणि माझ्याकडे वळला. "वढला का रं?"

मी तोंड उघडायच्या आत नाथा म्हणाला, "न्हाई हो काका. माझाच पाय हलला. त्याला काय बोलू नका."

त्याचा पाय हलला नव्हता. घमेल्यातलं पाणीसुद्धा हललं नव्हतं. मग तो असं का बोलला? त्याला ओढ जाणवली असणारच, पाय त्याचा होता. हाताची चूक समजून त्यानं मला सांभाळून घेतलं? की त्याला सगळं कळलं होतं? मी हे कधी विचारलं नाही. तो खोटं बोलला आणि मी ते खोटं उचलून खिशात टाकलं. तिथं माझी दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीहून मोठी आहे, कारण ती सुधारायला मला सात-आठ वर्षं वेळ होता.

तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला. नाथाला बैलगाडीनं अंबडला नेलं. डॉक्टरांनी पाय दोनदा चिरला. ताप, पू, तळमळ — दोन महिने. भरती झाली, आमच्या गावची दोन पोरं घेतली. नाथा उठला तेव्हा त्याची उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती. ती पुढं कधीच टेकली नाही. मामी सगळ्यांना सांगायची, "बापूनं किती जपलं हो, पण नशीब." मी ऐकून घ्यायचो.

पुढच्या उन्हाळ्यात मी भोपळा सोडला. हट्टानं पोहायला शिकलो आणि एक दिवस वरच्या कठड्यावरून सूर मारला. बरा झाला असावा. वर आलो तेव्हा पोरं आपापल्या नादात होती. पायरीवर बसलेला नाथा तेवढा टाळ्या वाजवत होता. "मास्तर! वा रं गड्या! आता तू सूर मार, मी चाळून पाणी पितो!" त्यानंतर मी बारवेत उतरलो नाही.

नाथानं पानाचं दुकान टाकलं, कारण ते बसून चालतं. लग्न दोनदा जमत आलं. मुलीकडचे आले की तो बसूनच राहायचा, उठायचाच नाही. त्यांना काय समजायचं ते समजायचं.

यंदा चैत्रात त्याला कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, तिचा पायाशी काही संबंध नाही. त्यांचं बरोबर असेल. मला त्या बोलण्याच्या आड लपायचं नाही. शेवटचे चार दिवस मी त्याच्याजवळ होतो. एका दुपारी घरात दोघंच होतो. तो डोळे मिटून पडला होता, मी तोच पाय चेपत होतो. तो म्हणाला, "मास्तर, तुला काय बोलायचंय का?"

मी म्हणालो, "पाणी देऊ का?"

"दे," तो म्हणाला.

तेराव्यानंतर मी मामीला अंबडला आमच्या घरी घेऊन आलो. लोक चांगलं बोलतात माझ्याबद्दल. मामी दिवसभर नाथाच्या गोष्टी सांगते — माझ्या बायकोला, शेजारणीला, दाराशी येणाऱ्या कोणालाही. आणि मला ते अजून ऐकवत नाही. तो गेलेला असूनही. मी काहीतरी काम काढून बाहेर जातो.

आज सकाळी मी शाळेला निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि लवकर ये म्हणाली. तिला मी सांगितलेलं नाही. माझ्याशिवाय तिला आता कोणी नाही.