मनोऱ्याचे मालक

मालकाशिवाय जगात एकही वस्तू असू शकते, यावर आमच्या शेजारच्या निवृत्त तलाठीकाकांचा विश्वास नाही. एका लग्नात त्यांनी आहेरात आलेलं पातेलं उलटं केलं, पुसट झालेलं आधीचं नाव शोधलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. त्या दोन घरांत अजून बोलणं नाही.

जव्हारमधलं माझं घर म्हणजे एकावर एक रचलेल्या तीन दगडी खोल्या. लोक त्याला मनोरा म्हणतात. घरी पाहुणा आला की काका हजर होणार, आणि जिना चढताना पायरीपायरीला एकेक मालक सांगणार. संस्थानचा शिलेदार, त्याची विधवा, मिठाचा व्यापारी, मग जंगलखात्यातला रखवालदार. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूसही यातून सुटला नाही. रखवालदाराचा मुलगा आणि त्याच्याकडून घर विकत घेणारी मी, हे शेवटचे दोन मालक मात्र ते घाईत उरकायचे. मला वाटायचं, दम लागत असेल.

मी मनोऱ्याची दुरुस्ती काढली, तेव्हा ते सकाळीच दारात येऊन उभे राहिले.

"रखवालदाराला मुलगीही होती. पोशेऱ्याला दिलेली. वारसनोंद मी केली. भाताच्या आवणीचे दिवस, म्हटलं चिखलातून कोण जाणार? एकट्या मुलाचं नाव लावलं."

"आणि हे आज सांगताय?"

"गवंडी भिंतीला हात लावायच्या आत सांगावं म्हटलं."

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी काकांना एसटीत घातलं आणि पोशेरा गाठलं. बाई हक्क सोडायला तयार आहे का, तेवढं विचारायचं होतं.

म्हातारी अंगणात नागली पाखडत होती. काकांनी शिलेदारापासून सुरुवात केली. मी डोळे वटारल्यावर एवढंच म्हणाले, "बाई, घराच्या कागदावरून तुम्हाला मी गाळलं."

"मला कोनी इचारलाच नाय," ती म्हणाली. सूप थांबलं नाही.

मी हक्क सोडायचं विचारलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी माझा नाव लाव. सोडाचा का ठेवाचा, ता मंग बघू."

बाईचं चुकत नव्हतं. पिशवीतला कोरा कागद मीच काकांपुढे धरला. ओट्यावर बसून त्यांनी अर्ज लिहायला घेतला. बापाचं नाव, गाव, घराचा नंबर, सगळं कुणाला न विचारता. मग पेन थांबलं. मनोऱ्याचा प्रत्येक मालक तोंडपाठ असलेला तो माणूस मान वर न करता म्हणाला, "बाई, तुमचं नाव काय?"