शेवटच्या पानावरचा कारखाना

देवरामअण्णा पेपर शेवटच्या पानापासून वाचत. पहिलं पान त्यांच्या मते शिळं. "मोठी बातमी छापून येते तेव्हा तिची वरात निघून गेलेली असते," असं ते म्हणत. नाशिकच्या जकात नाक्यावर ते कारकून होते. सकाळी बुद्धवंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर बसून कॉलनीतल्या लोकांना छोट्या जाहिराती मोठ्याने वाचून दाखवत. पंच्याहत्तर साली 'सातपूरजवळ टेलिफोन असलेला बंगला भाड्याने पाहिजे' आणि 'शाकाहारी स्वयंपाकी पाहिजे' अशा दोन जाहिराती एकाच आठवड्यात वाचून त्यांनी जाहीर केलं, की मुंबईचा कुणी शेठ इथे कारखाना काढतोय. लोक हसले. वर्षभरात भोंगा वाजला. तिथे नोकऱ्या मात्र हसणाऱ्यांच्या मुलांना लागल्या, कारण अण्णांना मुलगाच नव्हता. एक यशोधरा होती.

त्र्याऐंशी साली, दिवाळीनंतर, तिला स्थळ आलं. मुलगा मिलिंद, मूळचा मनमाडचा, सातपूरला पंपांच्या कारखान्यात फिटर. पोहे झाले, चहा झाला. संध्याकाळी यशोधरा भाकऱ्या थापताना गुणगुणत होती, हे तिच्या आईने, वत्सलाबाईंनी, हेरलं. अण्णांनी नाही हेरलं. ते पेपरात मुलाचा कारखाना शोधत होते.

शोधलं की सापडतंच. दरवर्षी दिवाळीला छापून येणाऱ्या कारखान्याच्या शुभेच्छा यंदा आल्या नव्हत्या. कॅन्टीनच्या ठेक्याची नोटीस नव्हती. मॅनेजरसाहेबांनी फ्रिज आणि दिवाण विकायला काढले होते. आणि भागधारकांची वार्षिक सभा नाशिकऐवजी बडोद्याला भरणार होती. शितावरून भाताची परीक्षा झाली.

"कारखाना उठतोय," अण्णा वत्सलाबाईंना म्हणाले. "पोरगा उद्या घरी बसेल. लेकीला उपाशी मारायचंय का?"

"अहो, त्यांना एकदा विचारा तरी."

"कामगाराला काय माहीत असतं? त्याला कळेल टाळं लागल्यावर."

आता नकार कळवायचा कसा? पत्रिका जुळत नाही म्हणायची सोय बौद्धांच्या घरात नाही. कारखाना बुडतोय म्हणावं, तर मुलाचा अपमान. शेवटी मध्यस्थ जयरामकडून निरोप धाडला, की मुलीला पुढे शिकायचंय. मनमाडच्या मंडळींनी त्या निरोपाचा इतका मान ठेवला, की पुन्हा विषयच काढला नाही. मग दिलेला शब्द खोटा पडू नये म्हणून यशोधराला डी.एड.ला घालावं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती निमूट जाऊ लागली. गुणगुणणं तेवढं थांबलं.

दीडेक वर्षाने बातमी पहिल्या पानावर आली. कारखाना बडोद्याला हलला. अण्णा पेपर नाचवतच घरात शिरले.

"वाचलीस, पोरी! वाचलीस!"

यशोधरा तांदूळ निवडत होती. "मला ठाऊक होतं, अण्णा."

"तू कुठल्या पेपरात वाचलंस?"

"वाचलं नाही. त्यांनीच सांगितलं होतं. पोह्यांच्या दिवशी तुम्ही त्यांच्या वडिलांना शेवटचं पान समजावत होतात ना, तेव्हा. म्हणाले, कारखाना जाणार आहे, पण मी जाणार नाही. मनमाडला पंपदुरुस्तीचं दुकान टाकतोय. चालेल का?"

"मग?"

"मी म्हणाले, चालेल."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, तुम्हाला दुकानदार जावई चालत नसेल."

अण्णांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. नकार कळवलेल्या दारात मुलीच्या बापाने परत जाऊ नये, अशी रीत आहे. दुसऱ्या दिवशी ते मनमाडला गेले. दुकानाबाहेर देवळा-कळवणकडच्या शेतकऱ्यांचे पंप दुरुस्तीला येऊन पडले होते. मिलिंदने हात पुसत उठून खुर्ची दिली. अण्णा खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून एक मुलगी चहा घेऊन आली. तिचा चुडा कोरा करकरीत होता.

"गेल्या महिन्यात लग्न झालं, काका," मिलिंद म्हणाला. "यशोधराचं शिक्षण कसं चाललंय? शिकू द्या तिला. तेवढ्यासाठी तर आम्ही मागे सरलो."

"चांगलं चाललंय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी बशीतला चहा संपवला. येताना एसटीत त्यांना रडू आलं. शेजारच्या माणसाने पेपर पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

घरी वत्सलाबाईंनी पाणी दिलं. यशोधरा दारात उभी राहिली.

"लग्न झालं त्याचं," अण्णा म्हणाले. "पोरी, माझं चुकलं."

तिने त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"दुकान कसं चाललंय?" मग तिने विचारलं.

"जोरात. पंप ठेवायला जागा नाही."

"म्हणजे माझी पारख बरोबर होती," यशोधरा म्हणाली.