धावडीच्या भिंतींना फुटलेल्या मिशा

जैबुन, तुझ्यावर लिहिते म्हटलं तेव्हा तू विचारलंस, "मी काय मेली काय?" नाहीस, म्हणूनच लिहिते. मेलेल्यांवर लिहायला पुष्कळ लोक आहेत. धावडीला मी गड पाहायला आले होते. गड चांगलाच आहे, पण तो कुठे पळून जात नाही. आता गप्प बस आणि मला सांगू दे. चुकलं तर मागाहून भांड.

महागावकडून येणारी बस ज्या वळणावर धापा टाकत थांबते, तिथून धावडगडाचा पडका बुरूज पहिल्यांदा दिसतो. त्याच वळणावर, कडुनिंबाखाली जैबुनबीचं घर आहे आणि दारापुढे तिची कापूस पिंजायची मशीन. जुन्या गाद्या-रजया उसवायच्या, गोळा झालेला कापूस पिंजून फुलवायचा, पुन्हा भरायचा, हा तिचा धंदा. नवरा इम्तियाज गेला तेव्हा लोकांनी तिला घरात बसून शिवणकाम करायला सुचवलं. तिने दुसऱ्याच दिवशी मशीन रस्त्यावर काढली. तिचा नियम एकच होता. एका घरचा कापूस दुसऱ्या घरच्या गादीत जाणार नाही. कोणाच्या बाळंतिणीची गादी, कोणाच्या म्हाताऱ्याची, तिला सगळं ठाऊक असायचं.

मग गड मोबाइलवर गाजला. पुण्याचे, नागपूरचे, हैदराबादचे लोक येऊ लागले. जो तो घरातली एक खोली पाहुण्यांना देऊ लागला. गावाने समिती केली आणि किराणा दुकानवाले बाबाराव तिचे अध्यक्ष झाले. समितीने महोत्सव ठरवला. त्याआधी रस्त्यावरची सगळी घरं एकाच पिवळ्या रंगात रंगवायची, असंही ठरलं. त्याच आठवड्यात त्याच घरांनी आपापल्या गाद्या जैबुनबीकडे पाठवल्या. पाहुण्यांना मऊ गादी लागते.

दुपार कलली की खिंडीतून वारा गावात उतरतो, हे धावडीत शेंबड्या पोरालाही माहीत. पण घाईत कोणाच्या डोक्यात आलं नाही. रंगारी सकाळपासून भिंतींवर आणि जैबुनबी मशीनवर. बाबाराव तेवढ्यात लगबगीने आले.

"भाभी, आजच्या दिवस मशीन बंद ठेवा न."

"कायले? गाद्या तं तुमच्याच हायेत. पाहुणे भिंतीवर झोपतीन काय?"

वारा आला. रस्ताभर रुई उडाली आणि ओल्या रंगावर जाऊन बसली. बाबारावांची सून अर्पिता दारात आली, भिंत पाहून तोंडावर पदर धरून हसली. "मामाजी, आपल्या भिंतीले मिशा फुटल्या!"

समोरचे धरमसिंग मात्र तापले. रंगाचं त्यांना काही नव्हतं. "बाबारावच्या गादीचा कापूस माह्या भिंतीवर काहून?" म्हणून ते भांडायला उभे. नियम जैबुनबीचाच होता, तो असा उलटून आला.

संध्याकाळी समिती बसली. जैबुनबीने बसस्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये जावं, असं सगळ्यांचं मत होतं. कोणीतरी शहाण्याने वर सुचवलं, नाहीतर महोत्सवाच्या मांडवात बसवू. पारंपरिक कपडे घालायचे, जुन्या हातपिंजणीला झेंडूची माळ, पाहुणे आले की तार छेडायची. कापूस मात्र नको. उडतो.

"बिना कापसाची पिंजण? मी काय तंबुरा वाजवनारी हाओ?" जैबुनबी उठून उभी राहिली. "अन् शेडात तुमच्या मोटरसायकली ठेवा. माही जागा निंबाखाली हाये."

मशीनची विजेची वायर बाबारावांच्या दुकानातून आलेली होती. दुसऱ्या सकाळी त्यांनी ती काढली. खाली पाहून गुंडाळत राहिले. जैबुनबीला कळलं, आज दार लावून आत बसलं तर उद्या या निंबाखाली कुंड्या येतील.

तिने आढ्यावरून नवऱ्याची हातपिंजण उतरवली. धनुष्यासारखी लांब, जनावराच्या आतड्याची तांत ओढलेली. धूळ पुसली, कापूस पसरला आणि लाकडी मुठीने तांत ठोकली. तो धुंकार कित्येक वर्षांनी रस्त्यावर उमटला. म्हाताऱ्या बायका दारात आल्या. खांदा भरून आला तरी ती थांबली नाही, समितीने रस्त्यावर लावलेल्या महोत्सवाच्या फलकाकडे मुद्दाम तोंड करून बसली.

गड उतरून पाहुणे आले आणि मोबाइल बाहेर निघाले.

"फोटो काढाचा असन तं गादी भरू लागा," तिने दरडावलं. दोन-चार पोरी खरंच बसल्या, केसांत रुई घेऊन खिदळू लागल्या. गर्दी झाली.

गर्दी पाहून बाबाराव पुन्हा आले, यावेळी हसत. "बसा भाभी तुम्ही अथीच. पाहुण्यायले आवडून राह्यलं. वायर देतो जोडून."

"पाहुण्यायच्या आवडीचं नका सांगू. उद्या त्यायले नाही आवडलं तं?" ती हात न थांबवता म्हणाली. "मी अथी राह्यते म्हणून अथी बसन. हे म्हना, मंग जोडा वायर."

बाबारावांना ते म्हणवेना. सगळा रस्ता बघत होता. शेवटी अर्पितानेच दुकानातून वायर आणली आणि सासऱ्यांच्या हातात दिली. "म्हना न मामाजी. खरंच तं हाये."

ते म्हणाले. पुटपुटले म्हणा हवं तर, पण सगळ्यांनी ऐकलं.

आणि जैबुन, वायर जोडली तरी तू त्या दिवशी मशीन लावली नाहीस. तांत तुटेपर्यंत हातानेच पिंजलंस. मग माझ्याकडे वळून हुकूम सोडलास, "मॅडम, आर्णीवरून जासान तं हाफिजमियाच्या दुकानातून नवी तांत घ्या. पुढच्या येळी आना." आर्णीला बस थांबली तेव्हा शुक्रवारची दुपार होती, हाफिजमिया नमाजला गेलेले आणि दुकानाला कुलूप. कंडक्टर थांबायला तयार नव्हता. फोनवर सांगितलं तर म्हणालीस, "मंग गाठ मारून चालोते." तांत काही मी अजून आणलेली नाही.