हरकत कायम आहे

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, तळोद्याच्या जीप स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या एका पन्नाशीच्या इसमाला रविवारच्या ऑनलाइन सभेत मुकं करण्यात आलं.

इसम म्हणजे मी. तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर क्लीनर ओरडला, "धडगाव, धडगाव." पुण्याचा आमचा प्रमुख म्हणाला, "काका, तुमची जीप निघाली. पळा." सगळे हसले. मीही हसलो, माणूस गमत्या पडलो. मग त्याने माझा माइक बंद केला.

मी बोलतच होतो. स्क्रीनवर माझे ओठ हलताना मलाच दिसत होते.

हे दर सभेला. आम्ही काही जण मोबाइलचा मराठी कीबोर्ड बनवतो. फुकट, हौसेने. कोड सगळ्यांना खुला. त्यात अहिराणी मी घातली. तळोद्यात हे कोणाला सांगू? माझा चढलेला आवाज ऐकून बायको विचारते, "कोनासंगे भांडी ऱ्हायनात?" मी म्हणतो, कोनासंगेच नही. खोटं नाही ते. पलीकडे ऐकणारं कोणी नसतंच.

मग प्रमुखाने कोड तपासायचं नवं टूल आणलं. नियम त्यानेच वाचले, सत्यनारायण सांगावा तसे. प्रत्येक बदल दुसऱ्याने तपासायचा. प्रमुखाचाही. हरकत असेल तर लाल खूण. खूण लावेल त्यानेच ती काढायची. तोवर बदल कीबोर्डाबाहेरच थांबणार. मग कोणी काय तपासायचं त्याची वाटणी झाली. एक जण म्हणाला, "अहिराणीचा कोपरा काकांना देऊन टाका. तिथे कोण जातंय?"

प्रमुखच आला, चुका आपोआप दुरुस्त करणारा बदल घेऊन. त्याचा बदल तपासायला मी माझ्या मोबाइलवर घेतला आणि सुरतेच्या बहिणीला लिहिलं, "माय बिमार शे." एकेक शब्द लिहून होताच आपोआप पालटत गेला. पोचलं ते असं: "आई आजारी आहे."

लगेच बहिणीचा फोन. आवाज घाबरलेला. "भाऊ, तुन्हा मोबाइल कोना हातमा शे?"

कोना हातमा. शाळेत 'शे' म्हटलं की गुरुजी बाकावर उभं करायचे. तिथे निदान शब्द तोंडातून बाहेर तरी पडायचा. इथे तो घरच्या माणसापर्यंत पोचायच्या आधीच कापला.

मी लाल खूण लावली. खाली लिहिलं, "आमचे शब्द म्हणजे चुका नव्हेत. हे आत जाणार नाही."

पुढच्या सभेत माझा माइक चालू ठेवला गेला. माझं 'हो' ऐकायचं होतं ना.

"काका, ती खूण काढा. एवढासा बदल. सगळ्यांचं काम अडकलंय."

सभेतल्या दोघांच्या घरी जळगावकडची अहिराणी बोलतात, मला ठाऊक आहे. दोघांनीही आपले कॅमेरे बंद केले. बाहेर क्लीनर ओरडत होता. मी दुकानाचं दार लावलं नाही.

"काढत नाही."

"काका, समजून घ्या."

"माले समजनं. काढत नाही."

उद्या मला प्रकल्पातून काढतील कदाचित. काढोत. ते त्यांना सगळ्यांसमोर, लिहून करावं लागेल. तोवर ती खूण तिथेच राहील. मी एकटा असलो तरी.

मग अहिराणीचा कोपरा मला देऊन टाकणारा तोच, आपला माइक चालू आहे हे विसरून, म्हणाला,

"अरे, या टूलमध्ये काकांना म्यूट कुठून करायचं?"