पाण्याची रांग

गुरुवारी बाबांच्या रांगेत पट्टी दिसली आणि मी घरी फोन करून सांगितलं, टीबी आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये काम करत होते. बाबांच्या छातीत पाणी झालं होतं. ते टीबीचं असेल नाहीतर कॅन्सरचं, असं डोंबिवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. टीबीला गोळ्या होत्या. त्यामुळे घरात सगळे टीबीची वाट पाहत होतो.

छातीतून काढलेल्या पाण्यात टीबीच्या जंतूचा डीएनए असला, तर मशीनमध्ये त्याच्या असंख्य प्रती तयार होतात. त्या दिसाव्यात म्हणून जेल लागतं. जेल म्हणजे खरवसाच्या वडीसारखी पातळ लादी. तिच्या कडेच्या खाचांत एकेक नमुना भरायचा, वीज सोडायची, आणि मग जांभळ्या दिव्यावर ठेवून नारिंगी पट्ट्या पाहायच्या. खात्रीच्या टीबीची पट्टी जिथे येते, त्याच उंचीवर रुग्णाची आली तर टीबी. शेवटच्या रांगेत मात्र नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घालतात. तिथे काहीही दिसता कामा नये.

तिथवर माझी नजर जाण्याआधीच मी फोनपाशी गेले होते.

फोटो निघाल्यावर लॅबच्या प्रमुख मॅडमनी शेवटच्या रांगेवर बोट ठेवलं. त्याच उंचीवर फिकट पट्टी होती.

"पाण्याला टीबी झालाय," त्या म्हणाल्या. "सगळं नवीन घेऊन परत लाव."

जुन्या तपासणीतला डीएनए कुठून तरी रसायनांत गेला होता. बाबांची पट्टीही त्याचीच असू शकत होती. घरी पुन्हा फोन करायचं मला धैर्य झालं नाही.

संध्याकाळी घरी पोचले तर आईने शिरा केला होता.

"शेजारी बोलू नकोस," बाबा तिला सांगत होते. "टीबी झाला म्हणून शिरा केला कळलं, तर मला वेड्यांच्या इस्पितळात ठाण्याला पोचवतील."

"पोचवू देत. ही रोज जातेच ठाण्याला, डबा देईल."

बाबा एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. नमुन्याआधी ब्लँक, म्हणजे नमुना न घातलेली कोरी चाचणी, बघायचा, हे मला शाळेत असताना त्यांनीच शिकवलं होतं. दोन चमचे खाऊन त्यांनी विचारलं, "ब्लँक कसा आला गं?"

मी वाटीतला शिरा चमच्याने सारखा करत राहिले. "त्यातही पट्टी आहे. फिकट."

"मग फोन कशाला केलास?"

आवाजात राग नव्हता. कारखान्यात नवीन आलेल्या मुलाला विचारावं तसं विचारलं. आई काय झालं म्हणून दोघांकडे बघत होती. "काही नाही," ते तिला म्हणाले, "अजून कळलेलं नाही, एवढंच." आणि त्यांनी शिरा संपवला.

शनिवारी दुसरं जेल झालं. पाण्याची रांग कोरी होती. बाबांचीही. प्रत्येक नमुन्यात माणसाचा डीएनए असतोच, त्याची वेगळी पट्टी मात्र ठळक आली होती. म्हणजे नमुना खराब नव्हता, मशीन बिघडलं नव्हतं. दोष द्यायला मला काही उरलं नाही. तरी मी दिव्यासमोर बराच वेळ थांबले. फार वेळ पाहिलं की पट्टी असल्यासारखी वाटायला लागते.

"डीएनए आढळला नाही, इतकंच लिही," मॅडम म्हणाल्या. "टीबी नाही, असं लिहू नकोस."

त्या एका वाक्यावर आम्ही आणखी तीन आठवडे काढले. मग छातीतला तुकडा तपासला, त्यात कॅन्सर निघाला. पुढच्या गणपतीआधी बाबा गेले.

आईला एक दुपार मी उगीच दिली, की दिली हे बरं झालं, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. तिने कधी विषय काढला नाही.

दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत. त्या कागदावरचं चित्र वर्षागणिक फिकट होत जातं. पहिल्या फोटोतली पाण्याची पट्टी आता दिसत नाही, बाबांची दिसते. फोटोच्या मागे मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: पाण्यातही होती.