कोपरा सोडून फिरणारा पंखा

जुना टेबल फॅन ओळखायचा असेल तर आधी त्याची पाठ बघायची. समोरून बरेचसे सारखे दिसतात: पितळी पाती, पितळी जाळी, खाली बिडाची जड बैठक. कंपनीच्या नावाची पट्टी बहुतेक वेळा आधीच कुणीतरी उपटून नेलेली असते. मग मागे जाऊन पाहायचं की हा मान फिरवतो कसा. अगदी सुरुवातीच्या काही पंख्यांना त्यासाठी गिअरच नव्हते. जाळीसमोर पत्र्याचं एक पान असायचं, पंख्याचाच वारा त्याच्यावर आपटायचा आणि त्या धक्क्याने डोकं एका बाजूला सरकत जायचं. टोकाला पोचलं की पान उलटं पडायचं आणि डोकं परत फिरायचं. असा पंखा मी फक्त फोटोत पाहिलाय. पुढे मोटारीच्या मागे गिअर आले, उघडेच, दाते दिसणारे. मग त्यांच्यावर डबी बसली. आणि शेवटी ती खुंटी आली जी सगळ्यांच्या घरच्या पंख्याला असते, दाबली की मान फिरते, ओढली की थांबते.

पप्पांचं जळगावात इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. कुठे कापसाचं जिनिंग बंद पडलं, कुठे जुना बंगला पाडला, की भंगारवाले पंखे आधी पप्पांना दाखवतात. ते स्वच्छ करून, फोटो काढून, कुठल्या काळातले असतील ते लिहून इंटरनेटवर टाकायचं काम मी घेतलं. माणसांशी समोरासमोर बोलावं लागत नाही, हे त्याचं मुख्य कारण.

आम्ही मारवाडी जैन. घरात मारवाडी, दुकानात मराठी नाहीतर अहिराणी, शाळेत सगळं इंग्रजी. घरातले सगळे मराठी बोलतात, पण पुस्तक म्हणून कुणी मराठी वाचत नाही. हे मी मराठीत लिहायचं तेही एक कारण आहे.

माझ्या मोठ्या बहिणीला, जीजीला, दीक्षा घ्यायची होती. हे एका दिवसात ठरलं नव्हतं. धुळ्याला भुवाकडे, म्हणजे आत्याकडे, गेली असताना ती तिथल्या महासतीजींकडे, म्हणजे साध्वींकडे, जाऊ लागली, मग दर सुट्टीत जाऊ लागली, मग परत आल्यावर तिच्या पानातून एकेक पदार्थ कमी होऊ लागला. सूर्य मावळल्यावर पाणीही बंद झालं. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तिने पंख्याचा नियम घेतला: पंखा लावायचा नाही, लावायला सांगायचा नाही, आणि त्याच्या वाऱ्यात बसायचं नाही. पंख्याने हवेतले जीव मरतात, म्हणून साधू-साध्वी पंखा वापरत नाहीत. ते आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. फक्त ते लोक दुसरे असायचे.

घरच्यांच्या परवानगीशिवाय दीक्षा होत नाही. पप्पांनी बऱ्याच रडारडीनंतर हो म्हटलं होतं. मम्मी हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. "माझ्या मनाला पटू दे," एवढंच म्हणायची.

जळगावच्या मे महिन्यात पंख्याशिवाय जेवणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. जीजी आधी तिचं ताट घेऊन मागच्या पडवीत बसायची. तिथे पत्रे होते. तिच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं आणि मम्मीने एक दिवस जेवण सोडलं. "ती तिकडे भाजतेय आणि मी इथे वाऱ्यात जेवू?" मग छताचा पंखा बंद करून सगळेच घाम पुसत जेवू लागले. त्यावर जीजी म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला तर तोही दोष मलाच."

तेव्हा मला तो पंखा आठवला.

शिंदखेड्याकडच्या एका बंद जिनिंगच्या ऑफिसातून तो आला होता. आणणारा पप्पांना म्हणाला होता, "भाऊ, बठ्ठं पितळ शे, देखी ल्या." सगळं पितळ नव्हतंच, पण मागचे गिअर उघडे होते आणि चालत होते. मोटारीच्या दांड्यावरून फिरणारी एक लहान चकती, चकतीला जोडलेली एक पट्टी, आणि पट्टीचं दुसरं टोक पंख्याच्या मानेला. चकती फिरली की पट्टी ढकलते, ओढते, आणि डोकं इकडून तिकडे जातं. चकतीला मध्याजवळ एक भोक होतं आणि काठाजवळ एक. पट्टीची पिन मध्याजवळच्या भोकात घातली की पंखा थोडाच फिरतो. काठाच्या भोकात घातली की खूप. पिनेवर चिमटीने आवळायचा एक नट. आजच्या पंख्यांत ही सोय नसते.

मी पिन आतल्या भोकात घातली, मानेचा स्क्रू फिरवून तोंड पप्पांकडे वळवलं आणि पंखा स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. तो पप्पांपासून माझ्यापर्यंत फिरायचा आणि परत जायचा. खिडकीजवळच्या कोपऱ्यापर्यंत त्याचा वारा पोचत नसे. त्या कोपऱ्यात जीजी बसू लागली. सगळे परत एका खोलीत जेवू लागले. पप्पांनी पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं, "हिने केलं, इंजिनिअर आहे आमची." मी इंजिनिअर नाही. पण मला बरं वाटलं. वाटलं, असंही चालेल. ती या घरात राहील, वारा तेवढा तिला सोडून जाईल, आणि दीक्षेचं नुसतं लांबत राहील.

मग एका रविवारी भुवा आणि तिचे यजमान, फूफासा, धुळ्याहून आले. कुणी न बोलताच सगळ्यांना माहीत होतं की आज मम्मीला उत्तर द्यावं लागणार. सकाळी मम्मी पुऱ्या लाटत होती तेव्हा तिच्या ओढणीच्या टोकाला काळं ग्रीस लागलेलं मला दिसलं. सायकलच्या साखळीचं असतं तसं. घरात सायकल नाही. तरी मी तेव्हा पुढचा विचार केला नाही. बोलण्याआधी आणि विचार करण्याआधी थांबायची मला सवय आहे.

सगळे बाजोटाशी, जेवायच्या बुटक्या चौरंगाशी, बसले. छताचा पंखा बंद. भुवा ओढणीने वारा घेत म्हणाली, "दीक्षा ती घेणार आणि उकडून आम्ही मरणार!"

"भुवासा, तुम्हीपण घ्या बरोबर," जीजी म्हणाली.

"मी? मला दोन वेळेला चहा लागतो. मला पहिल्या दिवशीच परत पाठवतील."

फूफासा म्हणाले, "परत नका पाठवू म्हणावं, ठेवून घ्या." सगळे हसले. मम्मीही हसली. आणि तिने बटण दाबलं.

पंखा पप्पांवरून गेला, फूफासांवरून, भुवावरून, माझ्यावरून. मग थांबायच्या जागी थांबला नाही. तसाच पुढे वळत कोपऱ्यात गेला आणि टोकाला क्षणभर रेंगाळला. जीजीच्या कानाजवळचे केस उडाले. तिच्या हातात पुरीचा तुकडा होता. तिने डोळे मिटले.

मी तिच्या शेजारीच होते, म्हणून खात्रीने सांगते: ती दचकली नाही. तिचा चेहरा सैल झाला, उन्हातून येऊन थंड फरशीवर पाय ठेवल्यावर होतो तसा. पंखा परत फिरून पप्पांकडे गेला. तो दुसऱ्यांदा यायच्या आत ती ताटावरून उठली.

"काय झालं? हा तिकडे कसा गेला?" पप्पा म्हणाले.

"आपोआप सरकला असेल काहीतरी. जुनाच आहे," मम्मी म्हणाली. तिने बटण बंद केलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. "पण मी तिचं तोंड पाहिलं. आपोआप झालं म्हणजे त्याला काही अर्थ असेल. ज्या मुलीला वाऱ्याने इतकं बरं वाटतं, तिला मी जन्मभरासाठी कशी पाठवू? आज ज्याचं उत्तर द्यायचं होतं ते मिळालं मला."

भुवाने हातातला घास खाली ठेवला. जीजी खिडकीशी उभी होती, उष्टा हात तसाच धरून.

पप्पा माझ्याकडे वळले. "तू सांग. तुला यातलं कळतं. सरकतं का असं आपोआप?"

घरात मला असं कधी विचारत नाहीत. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. नट सैल झाला तर पिन निसटून पडते. मग पट्टी लोंबते आणि पंखा मान फिरवायचाच थांबतो. एका भोकातून दुसऱ्या भोकात पिन स्वतःहून जाऊ शकत नाही. त्यासाठी कुणाला तरी नट काढावा लागतो, पिन हलवावी लागते आणि नट परत आवळावा लागतो.

आणि मला हेही कळत होतं की मी "हो, सरकतं" म्हटलं तर जीजी या घरात राहील. मला ती राहायला हवी होती. आम्ही एका खोलीत वाढलो. माझ्याऐवजी दुकानदाराशी, रिक्षावाल्याशी, पाहुण्यांशी तीच बोलायची.

मी उठून पंखा उलटा फिरवला, त्याची पाठ सगळ्यांकडे करून. चकतीवर बोट ठेवलं. "पिन बाहेरच्या भोकात आहे," मी म्हणाले. "नट घट्ट आहे." माझा आवाज फार लहान निघाला. पप्पांनी "काय?" विचारलं आणि मला ते परत म्हणावं लागलं.

मी मम्मीकडे पाहिलं नाही. तिच्या ओढणीकडेही पाहिलं नाही.

मग जीजी म्हणाली, "मम्मी, बरं वाटलं मला. खरंच वाटलं. वारा आवडतोच. आवडत नसता तर नियम कशाला घेतला असता?"

मम्मीने तोंडाला ओढणी लावली. ग्रीसचा डाग तिच्या गालाला लागला. जीजीने हात धुतले, तिच्यासमोर जाऊन हात जोडले आणि "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाली. माझं चुकलं, क्षमा असावी, असं आम्ही वर्षातून एकदा सगळ्यांना म्हणतो. त्या दिवशी ती ते मम्मीला म्हणाली की त्या एका फेरीतल्या वाऱ्याला, ते मला समजलं नाही. जेवण तिने अर्ध्यावर सोडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी उपवास केला. मम्मीनेही केला. संध्याकाळी मम्मी पप्पांना म्हणाली, "भुवासांना फोन करा. हो म्हणून सांगा."

माझ्याशी ती त्या गोष्टीबद्दल कधी बोलली नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

धुळ्याला आता आम्ही दर्शनाला जातो. साध्वी उतरतात त्या जैन स्थानकात पंखा नसतो. मम्मी पुढे बसते, "सुखशाता आहे ना?" म्हणून खुशाली विचारते, आणि पांढऱ्या कपड्यांतली ती हसून मान हलवते. आता तिला जीजी म्हणायचं नसतं, म्हणून मी काहीच म्हणत नाही. माझ्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरते. तिच्या मानेकडे मी बघते. घामोळं पूर्वीसारखंच आहे. चेहरा कसा आहे ते मला सांगता येत नाही. पूर्वी यायचं.

तो पंखा विकला नाही. पुण्याचे एक जण दोनदा विचारून गेले. मी पाठवलेल्या व्हिडिओत तो थोडाच फिरताना पाहून त्यांनी लिहिलं की यांत्रिक दोष असावा. मी उत्तर दिलं नाही. दोष नाही. त्याच रविवारी दुपारी भांडी आवरून झाल्यावर मम्मीने पिन परत आतल्या भोकात घातली होती. नट मलाही आवळता आला नसता इतका घट्ट आवळलाय तिने.

मागच्या उन्हाळ्यात भुवा आली आणि जेवायला नेमकी खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसली. थोडा वेळ वाट पाहून म्हणाली, "अगं, हा इकडे वळतच नाही! मी कुठे दीक्षा घेतलीये?"

मम्मी वाढत होती. "जुना आहे," ती म्हणाली. "तेवढाच फिरतो."

पप्पांनी ताटातून वर पाहिलं नाही. भुवाला सगळं आठवलं असावं, कारण तिने मान खाली घालून पोळी मोडली. या वेळी मला कुणी विचारलं नाही. मी सरकून माझ्या बाजूला जागा केली, आणि भुवा आपलं ताट उचलून तिथे येऊन बसली.